झामसिंग पटेलांचे पिंप

ढब्, ढब्, ढब्… आणि मग एकदम टम्.

भर सभेत उभे राहून तोंडाने असले आवाज काढणे माझ्या वयाला शोभत नाही, हे मला कळते. पण आज सकाळी दाढी करताना हा आवाज कानात सुरू झाला, तो अजून थांबायला तयार नाही. ओक नावाच्या विलायती लाकडाच्या पिंपावर खालून वर बोटाचे पेर वाजवत गेले की असा आवाज येतो. भरलेल्या भागावर ढब्, आणि आतला रस जिथे संपतो तिथे टम्. दरेकसाच्या डोंगराखाली एका गवती छपरात बसून मी तो पुष्कळदा ऐकला आहे. त्याला आधी वाट करून दिली. आता रीतीला लागतो.

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय खेमराजजी. गळ्यात हार आणि अंगावर शाल घेऊन बसलेले आपले सत्कारमूर्ती, राइस मिलचे मालक चुन्नीलालशेठ. त्यांच्या शेजारी बसलेल्या सौभाग्यवती शकुंतलाबाई. गोंदियातील व्यापारी बंधू, उजवीकडे बसलेला भगिनीवर्ग, आणि मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले माझे जुने विद्यार्थी, ज्यांतल्या निम्म्यांना मी कविता पाठ नाही म्हणून बाकावर उभे केले होते आणि ज्यांना आज बसायला बाकच मिळालेले नाहीत! सर्वांना माझा नमस्कार.

चुन्नीलालशेठ उद्या सकाळच्या गाडीने रायपूरला, चिरंजीवांकडे कायमचे राहायला जात आहेत. शेठ जाणार म्हटल्यावर गाव हळहळणारच. माझ्या आधी बोललेल्या मंडळींनी त्यांच्या धर्मशाळेचे, विहिरीचे, गणपतीच्या वर्गणीचे गुणगान केले, ते सगळे खरे आहे. त्या विहिरीचे पाणी मीही पितो. एका वक्त्याने फार सुंदर सांगितले की शेठ जिथे बसतील तिथे हशा पिकतो, असा विनोदी माणूस आता पुन्हा होणे नाही. टाळ्याही चांगल्या पडल्या. मला वाटले, विनोदाची तारीफ झाली, पण विनोद कुणी सांगितलाच नाही. वर्गात कवितेचा अर्थ सांगावा आणि कविताच वाचू नये, तसे झाले हे. म्हणून शेठजींचा एक विनोद मी सांगतो. तो आजवर कुठल्या सभेत सांगितला गेलेला नाही. शेठ, तुम्हाला आठवतो का पाहा.

विनोद आहे टेकाटोल्याच्या झामसिंग पटेलांचा.

टेकाटोला म्हणजे दरेकसा स्टेशनवर उतरून डोंगराच्या कडेकडेने चालत गेले की लागणारी पवारांची वस्ती. माझी नोकरी तेव्हा सालेकशाकडे होती. सुटीच्या दिवशी खिशात कवितेचे पुस्तक घालून मी त्या डोंगराखाली भटकत असे. तिथेच पटेलांची ओळख झाली. माणूस मोठा गर्विष्ठ, हे आधीच सांगतो. घरची पुष्कळ धानशेती, मिशांना पीळ, आणि आपले पूर्वज माळव्यातून आले हे समोरच्याने विचारण्याआधी सांगायची घाई. आगगाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते आपल्या द्राक्षमळ्याची हकीकत ऐकवीत. माणूस आमगावला उतरणारा असला तर आमगाव येईपर्यंत, आणि नागपूरला जाणारा असला तर त्याचे नशीब!

हो, द्राक्षमळा. धानाच्या मुलखात. पेंटन नावाचे एक म्हातारे इंजिनीअर साहेब नोकरी संपल्यावर त्या डोंगराखाली घर बांधून राहिले होते. त्यांनी काळ्या द्राक्षांचे वेल लावले आणि राखायला झामसिंग पटेलांना भागीदार घेतले. दिवसभर ते वेल उन्हात तापायचे, आणि दिवस कलला की डोंगरावरून असा गार वारा उतरायचा की अंगावर पंचा ओढून घ्यावा. साहेबाचे म्हणणे, त्या वाऱ्याने द्राक्षात जीव येतो. मग ती द्राक्षे सालीसकट कुस्करायची, आंबवायची, आणि तो लाल रस ओकच्या पिंपात भरून वर्षानुवर्षे गप्प ठेवायचा.

पटेल मला समजावून सांगत. "अर्धं डोंगराचं हाय गुरुजी, अर्धं लाकडाचं. आपलं का हाय यात? रखवाली." आणि हे बोलताना मिशीवर हात. म्हणजे रखवालीलाच सगळा मान!

ते लाकूडही अजब. आतला रस ते स्वतःच थोडाथोडा पिते. पातळी उतरली की वरून भर घालावी लागते, नाहीतर हवा शिरून सगळे नासते. किती उतरली हे पाहायला पटेल पेराने पिंप वाजवीत. ढब्, ढब्, टम्. "पेलं जी लाकडानं," असे म्हणून हसत. आपण प्यायलो नाही याचा तो आनंद असे.

कारण, आणि हे नीट ऐका, झामसिंग पटेलांच्या गळ्यात कंठी होती. आईच्या अखेरच्या दिवसांत तिच्यासमोर गुरूकडून घेतलेली तुळशीची कंठी. दारूचा थेंब जिभेला लावायचा नाही. ते रसाचा वास घेत, कंदिलापुढे पेला धरून रंग पाहत, पिंपाला कान लावीत, पण चव? चव म्हणून काय ती त्यांना ठाऊक नव्हती. मी एकदा विचारले, "पटेल, मग हे चांगले झाले की वाईट, तुम्हाला कसे कळणार?"

"ज्याले समजते तो सांगन," ते म्हणाले. "पोरगी नांदाले गेल्यावर बापाले का सासरचं सुख चाखून पाहा लागते? लोक सांगतेत ना जी, सुखात हाय म्हनून."

मी मास्तर माणूस. घरी येऊन मी भुजंगप्रयातात दोन ओळी केल्या. पटेलांना म्हणून दाखवल्या तेव्हा त्यांनी त्या तीनदा म्हणायला लावल्या.

उन्हाचे तुझ्या अंगणी रंग काळे,
तुझ्या डोंगराच्या हवेचे उमाळे…

पुढच्या दोन ओळी रस चाखला गेल्यावर करायच्या, असे आमचे ठरले होते. त्या राहिल्याच.

सत्तेचाळीस उलटले, साहेब मायदेशी निघाले. जाताना मळा आणि परवाना पटेलांच्या नावे करून गेले. स्टेशनवर मी होतो. साहेब म्हणाले, शेवटचे पिंप पाच पावसाळे उघडू नकोस. मग एखाद्या जाणत्याला पाज, आणि तो काय म्हणतो ते मला कळव. पटेलांनी डोळे पुसले नाहीत. गाडी बोगद्यात शिरेपर्यंत नुसते ताठ उभे राहिले. तेव्हापासून त्यांना एवढे एकच हवे होते, मंडळी: एका जाणत्या माणसाच्या तोंडून एक शब्द.

पाच पावसाळे झाले. पटेल जाणता माणूस शोधत गोंदियात आले, आणि त्यांना आपले शेठ भेटले.

शेठजी हसताहेत. पाहा, आठवला त्यांना विनोद!

शेठजी म्हणाले, हैदराबादचे एक नवाबसाहेब पुढच्या आठवड्यात माझ्याकडे उतरणार आहेत, साऱ्या मुलखाची दारू त्यांच्या जिभेवर तोलली जाते. पिंप घेऊन या. पटेलांनी पिंपाला गादीत गुंडाळले, खाचरात, म्हणजे बैलाच्या छोट्या गाडीत, घालून स्टेशनवर आणले आणि गार्डाच्या डब्यात स्वतः त्याच्याजवळ बसून आले. डोक्याला नवा फेटा. मलाही बोलावणे होते, कवितेसाठी. थंडीचे दिवस, दुपारची वेळ, मिलमागच्या बंगल्याचा व्हरांडा. शेठजींची चार-पाच मित्रमंडळी खुर्च्यांवर. मधल्या खुर्चीत शेरवानी घालून नवाबसाहेब.

नवाबसाहेब म्हणजे कोण होते? दंडारीच्या खेळात राजाचे काम करणारा बकाराम. आपल्या खेड्यांतल्या रात्री जागवणारा तो कलावंत गोंदियात फारसा कुणाच्या ओळखीचा नव्हता, आणि दरेकसाकडे तर त्याचा खेळ कधी झालाच नव्हता. शेठजींनी त्याला शेरवानी दिली, चार उर्दू वाक्ये पढवली. मला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. मलाही तो नवाबच वाटला. हाताची बोटे काय, मान काय! नट फार मोठा.

पटेलांनी आपल्या हाताने पेला भरला. बकारामने तो उजेडापुढे धरला, वास घेतला, डोळे मिटले, एक घोट तोंडात घेऊन फिरवला, आणि पिकदाणीत थुंकला.

"तौबा, तौबा! पटेल, ये अंगूर का रस है या जूते का धोवन?"

मग एकेकाने पेला उचलला. एकाने तोंड वाकडे केले, एक चूळ भरायला विहिरीकडे धावला, एकाने पोट धरले. सगळे आधी ठरलेले. आणि विनोदाची खरी खुबी इथे आहे, मंडळी: रसात त्यांनी काहीही मिसळले नव्हते. गरजच नव्हती. दुसरा कुणी असता तर त्याने स्वतः घोट घेऊन पाहिला असता आणि म्हणाला असता, चला हो, काय थट्टा करता! झामसिंग पटेलांना तेवढेच करता येत नव्हते. समोर भरलेला पेला, आणि गळ्यात आईने घालायला लावलेली कंठी. शेठजींना हे माहीत होते. त्याशिवाय एवढ्या स्वस्तात विनोद जमत नाही.

पटेल एकेकाचे तोंड पाहत होते. वर्गात एखाद्या पोराला पाठ केलेली कविता ऐन वेळी आठवेनाशी झाली की ते जसे सगळ्यांच्या ओठांकडे पाहते, तसे. शेवटी ते शेठजींकडे वळले.

"शेठ, तुमी सांगा जी. हे पराये लोक. तुमी आपले मानूस."

शेठजींनी घोट घेतला. घोट गिळला, थुंकले नाहीत. मग पटेलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "क्या बोलूं, पटेल? बैल को भी मत पिलाना. मन छोटं करू नका. पिंप इथंच राहू द्या, मी नाल्यात ओतून टाकतो. बाहेर कोणाला पत्ता लागणार नाही, ती जबाबदारी माझी."

आणि पटेल, जे वयाने शेठजींच्या वडिलांच्या बरोबरीचे, ते वाकले आणि अब्रू राखल्याबद्दल शेठजींच्या पाया पडले.

कुणी हसले नाही. हसणे जेवणाच्या पंगतीसाठी राखून ठेवले होते. तिथे बकाराम शेरवानी काढणार, सगळे टाळ्या देणार, पटेलांची फजिती होणार, असा बेत होता. पण पटेल जेवायला थांबलेच नाहीत. उघड्या डोक्याने स्टेशनकडे गेले. फेटा खुर्चीवरच राहिला. शेठ म्हणाले, जाऊ दे, उद्या कळवू. मग म्हणाले, होळीला कळवू. होळीपर्यंत पिंप संपत आले होते. विलायतेहून मागवले आहे असे सांगून शेठजींनी ते मोठमोठ्या पाहुण्यांना पाजले, आणि पाहुण्यांनी शेठजींच्या पसंतीची वाहवा केली. रिकामे झालेले विलायती लाकूड वाया घालवणेही बरे नव्हे. त्याचे दोन भाग करून शकुंतलाबाईंच्या अंगणात तुळस आणि मोगरा लावला. बाई, तुम्ही माझ्याकडे असे पाहू नका. तुम्हाला काही ठाऊक नव्हते, हे मी जाणतो.

अध्यक्षमहाराज घंटी वाजवीत आहेत. वाजवा. जन्मभर मी घंटीच्या आवाजात कविता शिकवली आहे, शेवटचे कडवे कधी सोडले नाही.

इकडे पटेलांनी त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाड घेतली. त्यांच्या पत्नी सुखवंताबाई मध्ये पडल्या. "काऊन तोडून राहिले जी? वेलाईनं का केलं?"

"वेलाईनं काई नाई केलं. माह्या हातानं नासलं."

एकूण एक वेल तोडले, मुळ्या खणल्या, पाऊस पडल्यावर तिथे तूर पेरली. साहेबाला पत्र टाकायचे वचन होते, ते मला लिहायला लावले. 'रस माझ्या हातून नासला, माफी असावी.' मी सुंदर वळणदार अक्षरात लिहिले. उत्तर आले नाही.

तूर उगवते आणि माणूस विसरतो, असे तुम्हाला वाटेल. टेकाटोल्यात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठीचे बी, टाकताना पहिली मूठ पटेलांच्या हाताने पडते, अशी पिढ्यांची चाल. त्या वर्षापासून त्यांनी मूठ टाकलेली नाही. म्हणतात, माह्या हातचं नासते. धाकट्या मुलीच्या लग्नात मांडवात बसले, पण तिला हळद लावली नाही. पोरगी रडली, व्याही रुसले, बाप हात मांडीखाली घेऊन बसून राहिला. ही लांबी आहे शेठजींच्या विनोदाची. अजून चालूच आहे तो.

हा सगळा विनोद होता, हे मला कसे कळले? बकाराम गेल्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने निरोप धाडून मला बोलावले आणि सगळा बेत सांगितला. म्हणाला, "गुरुजी, मले थुकाले सांगतलं होतं. मी थुकलो. पन अर्धं गिळलं होतं. तसं काई मी जन्मात पेलो नाई. त्या दिवशी समजलं का थुकाले किती जीव लागते." पुढे आषाढात तो गेला.

त्यानंतर मी टेकाटोल्याला गेलो आणि पटेलांना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "गुरुजी, तुमी पेला होता का?"

मी म्हटले, नाही. मी दारू घेत नाही.

"मंग तुमाले का मालूम? बकाराम मेला. तुमी माहं मन राखाले सांगून राहिले." आणि वर, "चुन्नीलालशेठ असं करनार नाई. त्याईनंच तर माही अब्रू राखली."

आता कळले ना, मी आज इथे उभा कशाला आहे? त्या व्हरांड्यातल्या बाकीच्या खुर्च्यांपैकी काही रिकाम्या झाल्या, काही मुंबईकडे गेल्या. तो रस पोटभर प्यालेला आणि ज्याचा शब्द पटेल मानतील असा या जिल्ह्यात एकच माणूस उरला आहे, आणि तो उद्या सकाळी रायपूरला चालला आहे. नवे वेल लावून नवा रस करावा, तर आता दारूबंदीचा कायदा आला. दुसरे पिंप होणे नाही. जे उरले होते ते एकच, आणि त्याची चव शेठजींच्या जिभेवर आहे.

शेठजी, तुमच्याकडून मी पश्चात्ताप मागत नाही. तुम्हाला तो झेपणारही नाही. तुमची गाडी दरेकसाला थांबते. पटेल आता स्टेशनपर्यंतही येत नाहीत, गोंदियाला तर त्या दिवसानंतर त्यांनी पाय लावलेला नाही. तेव्हा तुम्हालाच उतरावे लागेल. एक गाडी चुकेल, दुसरी मिळेल. त्यांच्या ओसरीवर जाऊन एवढेच सांगा की रस कसा होता. तुम्ही हसत होता, ते थांबले वाटते. पाणी प्या. आणि उतरायचे नसेल तर तसेही चालेल. गाडी बोगद्यात शिरली की खिडकी लावून घ्या, धूर आत येतो. तुमच्या धर्मशाळेवरची संगमरवरी पाटी आम्ही दर दिवाळीला धुऊ, आणि धुताना हा विनोद एकमेकांना सांगू. मुलांनाही पाठ करायला देऊ. माझ्या हाताखालच्या मुलांचे पाठांतर चांगले असते.

असो. बोलण्याच्या भरात मी वेळेची मर्यादा ओलांडली. अध्यक्षांनी घंटी खाली ठेवून मला बोलू दिले, त्यांचा मी ऋणी आहे. शकुंतलाबाईंना माझ्यामुळे क्लेश झाले, त्यांची मनापासून क्षमा मागतो. श्रोत्यांपैकी कुणी उठून गेले नाही, याबद्दल आभार. म्हाताऱ्याच्या तोंडून काही अधिकउणे गेले असेल तर…

मागे कसली गडबड आहे? दाराशी गर्दी करू नका रे. कोणाला तरी आत यायचे आहे, वाट द्या. बाजूला व्हा जरा, मला दिसत नाही.

झामसिंगभाऊ?

तुम्ही इकडे कसे? काय म्हणता? शेठला गाडीवर पोचवायला आलात… हो, हो. बाहेर भोंगा लावला आहे, खरेच की. बाजारात सगळे ऐकू गेले? पहिल्यापासून?

या, आत या. चपला राहू द्या पायात, हातात कशाला घेता? नाही, मी काही सांगत नाही. मी प्यालेलो नाही.

शेठजी, उठा. ते दारातूनच तुम्हाला विचारताहेत. सभेला ऐकू आले नसेल, म्हणून मी मोठ्याने सांगतो. ते म्हणतात, "कसा लागला जी?"

माझ्याकडे नका पाहू, शेठजी. त्यांच्याकडे पाहून सांगा.